सब बेस कधी भरून येतो, कधी गायब होतो: दोष नेमका कुठे शोधायचा

सब बेस म्हणजे गाण्याच्या अगदी तळाचा, ऐकू येण्यापेक्षा अंगाला जास्त जाणवणारा आवाज. त्याबद्दलची तक्रार साधारण अशीच असते. गाणं स्वतःच्या खोलीत छान वाजतं, तळ भरलेला वाटतो. तेच गाणं मित्राच्या गाडीत लावलं की एका ओळीला काचा थरथरतात आणि पुढच्या ओळीला तळच नाहीसा होतो. फोनवर तर बेस आहे की नाही तेही कळत नाही. मग सबचा फेडर तीन डेसिबल वर जातो, ईक्यूवर (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं साधन) ५० हर्ट्झला उंचवटा येतो, लिमिटर (आवाजाला ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन) आणखी दाबला जातो, आणि सगळं गाणंच गढूळ होऊन बसतं. पुढच्या गाण्याला पुन्हा पहिल्यापासून हेच.

यातून सुटायचं असेल तर सब वाढवायच्या आधी तो कुठे हरवतोय ते शोधावं लागतं. हरवण्याच्या जागा मोजक्या आहेत: तुमची खोली, गाण्याची पट्टी, किक (ड्रमचा सगळ्यात खालचा ठोका) आणि फेज (दोन लाटांच्या वर-खाली होण्याचा मेळ). सबचा मूळ आवाज बहुतेक वेळा ठीकच असतो. साध्या साइन वेव्हवर (एकाच फ्रिक्वेन्सीची शुद्ध लाट) उत्तम सब उभा राहतो, त्यासाठी महागडा प्लगइन लागत नाही. म्हणून नवा प्रीसेट शोधायला जाऊ नका, खाली दिलेल्या क्रमानेच तपासा. क्रम बदलला तर एका दोषाचं औषध दुसऱ्याच दोषाला लागतं.

आधी खोली

नवा प्रोजेक्ट उघडा, कुठल्याही सिंथवर साइन वेव्ह लावा, इफेक्ट एकही नको. ६५ हर्ट्झपासून ३३ हर्ट्झपर्यंत एकेक स्वर उतरत जा. प्रत्येक स्वर दोन सेकंद, व्हेलॉसिटी सगळ्यांची सारखी. रोज बसता त्याच जागेवर बसून ऐका. एखादा स्वर अंगावर येईल, त्याच्या शेजारचा जवळजवळ नाहीसा होईल. आता हेच हेडफोनवर ऐका. तिथे उतार सलग वाटला, मध्येच खड्डे किंवा उंचवटे आले नाहीत, तर दोष खोलीचा आहे. गाण्याला हात लावू नका.

यामागचं गणित सोपं आहे. ५० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी सुमारे ७ मीटर असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लाट बरोबर बसली की ती फ्रिक्वेन्सी घुमायला लागते. भिंतींमधलं अंतर दहा फूट असेल तर हा आकडा सुमारे ५६ हर्ट्झ येतो, बारा फूट असेल तर ४७. फ्लॅटमधली दहा बाय दहाची खोली घ्या, छतही जवळपास तेवढ्याच उंचीवर. तिन्ही दिशांचं घुमणं ५६ च्या आसपास एकावर एक चढतं. मग हार्मोनियमवरच्या पांढरी सहाचा स्वर, म्हणजे ५५ हर्ट्झ, भिंतीपाशी धडधडतो आणि खोलीच्या मधोमध खुर्ची असेल तर तोच स्वर खड्ड्यात जातो. त्या खुर्चीत बसून तुम्ही ५५ वाढवलंत तर बाहेरच्या प्रत्येक स्पीकरवर ते जास्तच होणार.

भिंतीला अंड्याचे ट्रे किंवा दोन इंची फोम लावून यात काहीही फरक पडत नाही. तो फोम वरचा चटचटाट कमी करतो, सात मीटरच्या लाटेला तो जाणवतसुद्धा नाही. कोपऱ्यांमध्ये रॉकवूलचे जाड पॅनल उभे केले तर थोडी मदत होते. पण फुकटचा आणि सगळ्यात मोठा फायदा खुर्ची हलवण्यात आहे. खोलीच्या मध्यावर बसू नका, मागच्या भिंतीला टेकूनही बसू नका. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्के अंतरावर बसून वरची चाचणी पुन्हा करा, मग एकेक वीत पुढे-मागे सरकून सगळ्यात कमी चढउतार कुठे आहे ते पाहा. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक मोजमापाचा माइक मिळाला तर कानाने जे कळलं ते आलेखातही दिसेल.

दुसरा सापळा व्हॉल्यूमचा. कमी आवाजात माणसाच्या कानाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. आयएसओ २२६ या मानकाच्या २००३ च्या आवृत्तीनुसार १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा आवाज जितका मोठा वाटतो, तितका वाटायला ५० हर्ट्झला सुमारे ७८ डेसिबल लागतात. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात मिक्स केलं की सब हमखास जास्त टाकला जातो. शेजाऱ्यांचा विचार योग्यच आहे, खालचे स्वर भिंत ओलांडून जातातच. रात्री धून रचा, आवाज घडवा. सबची पातळी मात्र दिवसा, मध्यम आवाजात आणि त्याच पट्टीतलं एखादं चांगलं तयार गाणं शेजारी ठेवून ठरवा.

काळी एकची अडचण

खोली निर्दोष ठरली तरी काही गाण्यांत सब बसतच नाही. अशा वेळी पट्टी पाहा. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

सबसाठी सोयीचा पट्टा साधारण ४० ते ६० हर्ट्झ. ४० च्या खाली पाच इंची मॉनिटर हात टेकतात, गाड्यांचे साधे स्पीकरही टेकतात. ६५ च्या वर गेलं की तो बेस होतो, सबचा दाब उरत नाही. आता पट्ट्या मांडून बघा. पांढरी चारचा षड्ज ४३.६५ वर येतो, काळी तीनचा ४६.२५, पांढरी पाचचा ४९, काळी चारचा ५१.९१, काळी पाचचा ५८.२७. हे सगळे मजेत बसतात. काळी एकचा षड्ज मात्र एक तर ३४.६५ वर, नाही तर एकदम ६९.३० वर. एक फार खाली, दुसरा फार वर. आणि आपल्याकडे पुरुष गायकांची सर्रास पट्टी कुठली, तर काळी एक.

म्हणून कोळीगीताचा किंवा भक्तिगीताचा रिमिक्स करताना काळी एकच्या आवाजाखाली तुम्ही ३४.६५ वर सब ठेवता, हेडफोनवर तो छान लागतो आणि मिरवणुकीतल्या सिस्टीमवर तिथे काहीच ऐकू येत नाही. सिस्टीम खराब असते म्हणून नव्हे. मोठ्या बेस-बॉक्सना बहुधा पोर्ट असतो. पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला लावलेला असतो तिच्या खालचा आवाज आला की कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो नुसताच आत-बाहेर झेपावतो. स्पीकर फाटू नये म्हणून ऑपरेटर प्रोसेसरमध्ये हाय-पास (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावतात, बऱ्याचदा ३५-४० च्या घरात. तुमचा षड्ज नेमका त्याच्या खाली गेलेला असतो.

उपाय आहेत, पण प्रत्येकाची काही ना काही किंमत आहे. गाणं अजून रेकॉर्ड झालं नसेल तर गायकाला काळी दोन किंवा पांढरी तीन झेपते का ते आधी विचारा. ३८.८९ किंवा ४१.२० हर्ट्झचा सब ३४ पेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी पोहोचतो. आवाज आधीच रेकॉर्ड झालेला असेल तर दोन सेमीटोन वर सरकवून पाहा, फॉर्मंट (गळ्याची ओळख ठरवणारे अंश) तसेच ठेवून. तीनच्या पुढे गेलं की गळा ओळखू येईनासा होतो, तिथे थांबा. पट्टी हलवायची नसेल तर भूमिका बदला: किकला खाली, ४८-५० च्या आसपास बसवा आणि बेस ६९.३० वर, किकच्या वर ठेवा. मग दाबाचं काम किक करते आणि सुराचं काम बेस. मला ही वाट सगळ्यात प्रामाणिक वाटते. सबला ५१.९१ च्या मंद्र पंचमावर नेणं हा आणखी एक मार्ग. चालत्या बेसलाइनमध्ये तो छान लागतो, पण समेवर लांब धरला तर धून अधांतरी वाटते, म्हणून समेला षड्जच द्या.

पट्टी ठरवताना स्वरांच्या नावांवर विसंबू नका, हर्ट्झ पाहा. एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये ज्या स्वराला सी १ म्हणतात तोच एफएल स्टुडिओत सी ३ असतो, आणि दोन्हीकडे तो ६५.४ हर्ट्झच असतो. ट्युटोरियल एका सॉफ्टवेअरचं आणि काम दुसऱ्यात, एवढ्या कारणानेही सब दोन सप्तकं खाली गेलेले प्रोजेक्ट दिसतात.

८०८ चा सॅम्पल वापरत असाल तर तो सुरात आहे का ते तपासा. रोलँडचं टीआर-८०८ हे ड्रम यंत्र १९८० ते १९८३ एवढंच बनलं. आज फिरणारे बरेचसे ८०८ त्याच्या आवाजावर पुढे केलेले संस्कार आहेत, आणि फाइलच्या नावात लिहिलेला स्वर खरा असेलच असं नाही. सुरुवातीला स्वर वरून खाली घसरतो, त्यामुळे सूर शेपटीवरून लावायचा. इतक्या खाली कानाला सूर नीट कळत नाही, म्हणून सॅम्पल २४ सेमीटोन वर न्या, पियानोच्या स्वराबरोबर जुळवा, मग पुन्हा २४ खाली आणा. जुन्या रेकॉर्डवरून गळा उचलला असेल तर आणखी एक गोष्ट बघा: त्या गाण्याची पट्टी बऱ्याचदा दोन स्वरांच्या मध्ये कुठेतरी पडते. मग पियानोशी जुळवलेला सबसुद्धा गळ्याशी भांडतो. अशा वेळी गळा हलवू नका, सबचा फाइन ट्यून हलवा.

किक आणि सब एकाच वेळी

सूर बरोबर आहे, खोली बरोबर आहे, तरी तळ डगमगतो. एका ठोक्याला जोर, पुढच्याला पोकळी. सब म्यूट करून किक ऐका, मग किक म्यूट करून सब ऐका. दोन्ही वेगवेगळे भक्कम आणि एकत्र अशक्त वाटत असतील तर ते एकमेकांना खात आहेत.

हे दोन प्रकारांनी होतं. पहिला, किकची शेपटी लांब आहे आणि सबच्या अगदी जवळच्या स्वरात आहे. किक ५५ वर आणि सब ५२ वर असेल तर फरक ३ हर्ट्झचा, म्हणजे दोन्ही वाजत असेपर्यंत आवाज सेकंदाला तीनदा फुगणार आणि तीनदा बसणार. लोक यावर कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबणारं साधन) लावतात. कॉम्प्रेसरने हे जात नाही. किकची शेपटी छाटा, १०० ते १५० मिलिसेकंदांत संपू द्या, किंवा किक सबच्या स्वरालाच लावा.

दुसरा प्रकार फेजचा. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. सब किकपासून १० मिलिसेकंद सरकला की एकाची लाट वर जाताना दुसऱ्याची खाली जाते आणि उरतं ते फार थोडं. सिंथचा ऑसिलेटर प्रत्येक स्वराला वेगळ्याच ठिकाणाहून सुरू होत असेल तर प्रत्येक ठोक्याचं नशीब वेगळं. सीरम या सिंथमध्ये ऑसिलेटरच्या खाली फेज आणि रँड असे दोन नॉब आहेत. रँड शून्यावर आणा. इतर सिंथमध्ये रीट्रिगर किंवा फेज रीसेट अशा नावाचा पर्याय शोधा. ‘कधी भरून येतो, कधी गायब होतो’ ही तक्रार अर्ध्याअधिक वेळा एवढ्यानेच मिटते असा माझा अनुभव आहे.

मग सब ऑडिओत बाउन्स करा, किकच्या खालच्या ट्रॅकवर ठेवा आणि झूम करून दोन्ही लाटा एकाखाली एक पाहा. किकचा मधला भाग वर जाताना सबही वर जातोय का? नसेल तर सबची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे लाट वरची खाली होईल. दोन्ही स्थितींत व्हॉल्यूम न बदलता ऐका आणि ज्यात तळ जड लागेल ती ठेवा. मधली स्थिती हवी असेल तर सब २-३ मिलिसेकंदांनी सरकवा. हे डोळ्यांनी सुरू करा, पण ठरवा कानांनीच.

साइडचेन, म्हणजे किक वाजली की सबला आपोआप खाली दाबणारा कॉम्प्रेसर, लागतोच असं नाही. किकच्या जागी सबचा मिडी स्वर थोडा उशिरा सुरू केला तरी तेच काम होतं, आणि जास्त स्वच्छ होतं. साइडचेन लावायचाच असेल तर रिलीज, म्हणजे तो दाब सुटायला लागणारा वेळ, गाण्याच्या वेगावरून ठरवा. १०० बीपीएमला एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. सब १००-१५० मिलिसेकंदांत पूर्ण परत आला पाहिजे. रिलीज ४०० ठेवलात तर पुढची किक येईपर्यंत सब जेमतेम उठतो, आणि तुम्ही त्याला अशक्त समजून वाढवत बसता. अ‍ॅटॅक आणि रिलीज दोन्ही फारच कमी ठेवले तर कॉम्प्रेसर लाटेच्या आतल्या चढउतारालाच पकडायला धावतो आणि सब खरखरतो.

सुरुवातीला ‘टक्’ वाजणं

यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. साइन वेव्ह शून्यापासून सुरू झाली नाही किंवा मधेच कापली गेली की टक् ऐकू येतं. अ‍ॅटॅक ३ ते ८ मिलिसेकंद, रिलीज ५० ते ८० द्या. सिंथ मोनो आणि लेगाटोवर ठेवा म्हणजे दोन स्वर एकमेकांवर चढणार नाहीत. दोन सब-स्वर एकत्र वाजले की गढूळपणा नक्की, मग तो किती का कमी वेळ असेना.

फोनवर सब ऐकू येत नाही

येणारच नाही. फोनचा स्पीकर ५० हर्ट्झ वाजवू शकत नाही आणि कितीही बूस्ट दिलात तरी हे बदलणार नाही. पण कानाला एक चांगली सवय आहे: १०४, १५६, २०८ असे वरचे अंश ऐकू आले की ५२ चा मूळ स्वर तो आपणहून धरून घेतो. म्हणजे फोनसाठी सबला वरचे अंश द्यायचे, आवाज वाढवायचा नाही.

सबच्या ट्रॅकची प्रत काढा. प्रतीवर आधी सॅच्युरेशन (लाट दाबून वरचे अंश तयार करणारी प्रक्रिया), त्यानंतर ९०-१०० हर्ट्झचा हाय-पास. क्रम महत्त्वाचा आहे. हाय-पास आधी लावला तर ५२ चा स्वर तिथेच अडतो आणि सॅच्युरेशनच्या हाती काही लागत नाही. हाय-पासमुळे मूळ स्वर दोनदा वाजत नाही, त्यामुळे तळ स्वच्छ राहतो. आता प्रतीचा फेडर शून्यावरून हळूहळू वर आणा. फोनवर बेसलाइनची चाल कळायला लागली की थांबा.

कुठलं सॅच्युरेशन निवडायचं हा कानाचा प्रश्न आहे, पण त्यात सुरांचाही हिशेब आहे. लाटेच्या दोन्ही बाजू सारख्या दाबणारी प्रक्रिया मूळ स्वराच्या तिप्पट आणि पाचपट अंश जास्त देते. तिप्पट म्हणजे पंचम, तो कुठेही खपून जातो. पाचपट म्हणजे शुद्ध गंधार. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो तोच हा. भूप किंवा यमनच्या अंगाच्या धुनेत तो गोड लागतो. पण धून भैरवी किंवा मालकंसाच्या वळणाची, म्हणजे कोमल गंधाराची असेल तर जोरात दाबलेला सब धुनेच्या गंधाराशी घासतो, आणि ‘बेस बेसूर का वाटतो’ याचं उत्तर ट्यूनरवर सापडत नाही. अशा गाण्यात लाटेच्या एकाच बाजूला झुकणारं, ट्यूबसारखं सॅच्युरेशन घ्या. त्यात दुप्पट अंश, म्हणजे वरचा षड्ज जास्त असतो. शिवाय प्रतीवर २०० च्या आसपास लो-पास लावा, म्हणजे ५२ च्या सबचा २६० वरचा गंधार दबेल.

स्टिरिओ, आलेख आणि मास्टर

सबवर कोरस, युनिसन, रिव्हर्ब काहीही नको. १०० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो. तपासायला मास्टरवर मोनोचं बटण दाबा. तळ कमी झाला तर कुठेतरी रुंदी शिरली आहे. बाकीच्या वाद्यांवर, विशेषतः ढोल-ताशांच्या रेकॉर्डिंगवर आणि पॅडवर, गरजेप्रमाणे हाय-पास लावा. ढोलाचा खालचा ठोका ठेवायचा असेल तर त्या जागी सब गप्प ठेवा. दोघांना एकाच क्षणी तळ मिळत नाही.

आलेख बघताना एक खबरदारी. व्हॉक्सेंगोच्या स्पॅन या फ्रिक्वेन्सीचा आलेख दाखवणाऱ्या मोफत प्लगइनमध्ये ब्लॉक साइझ २०४८ असेल तर ४४१०० च्या सॅम्पल रेटला प्रत्येक कप्पा २१.५ हर्ट्झ रुंद असतो. त्यात ४६ आणि ५५ वेगळे दिसणं कठीण. १६३८४ केल्यावर कप्पा २.७ वर येतो आणि चित्र कामाचं होतं. शिवाय त्यात मुळातच दर सप्तकाला ४.५ डेसिबलचा स्लोप लावलेला असतो, त्यामुळे खालचा भाग वरच्या मानाने कमी दिसतो. ते पाहून सब वाढवू नका. दुसऱ्या गाण्याशी ताडून पाहताना दोन्हींना स्लोप एकच ठेवा.

शेवटी लिमिटर. सब भरपूर जागा खातो आणि कानाला तेवढा मोठा वाटत नाही, म्हणून तो जास्त झाला की लिमिटर प्रत्येक ठोक्याला गळाही खाली ओढतो. गायकाचा आवाज किकबरोबर श्वास घेतल्यासारखा हलत असेल तर लिमिटरचं सेटिंग बदलत बसू नका. लिमिटर बायपास करा, सब दोन डेसिबल खाली घ्या, पुन्हा लावा आणि गळा ऐका. सबवर २०-२५ हर्ट्झला हलका हाय-पास पुरे. फार तीव्र उताराचा लावलात तर तो फेज फिरवतो आणि किकबरोबर जुळवलेल्या लाटा पुन्हा निसटतात. म्हणून तो फिल्टर आधी लावा, लाटा त्यानंतर जुळवा.